वाचकांचे प्रश्न : खान्देशच्या उन्हाळ्यात रेड वाइनची साठवण

नाशिकच्या द्राक्षबागांवरील आमचा लेख वाचून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील वाचकांनी रेड वाइनच्या साठवणीविषयी प्रश्न पाठवले आहेत. मद्यपानाची भलामण करणे हा या सदराचा हेतू नाही. परंतु घरात भेट म्हणून आलेली किंवा सहलीवरून आणलेली बाटली नीट कशी ठेवावी आणि ती बिघडली आहे हे कसे ओळखावे, हा प्रश्न रास्त आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मुलाने नाशिकहून आणलेली रेड वाइनची बाटली आमच्या बैठकीतील काचेच्या कपाटात उभी ठेवलेली आहे. वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, असे सगळेच सांगतात. दिवाळीला लेक-जावई येणार आहेत, तेव्हा ती उघडावी असा विचार आहे. ती अजून चांगली आहे की नाही, हे उघडण्यापूर्वी समजू शकते का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : जुनी ती उत्तम, हे म्हणणे फार थोड्या वाइनच्या बाबतीत खरे ठरते, आणि त्या वाइनही थंड, अंधाऱ्या तळघरात मुरलेल्या असाव्या लागतात. जिच्यात टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून व बियांतून येणारा तुरट घटक), आम्लता आणि फळाचा कस भरपूर असतो तीच वाइन वर्षानुवर्षे सुधारत जाते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक रेड वाइन, आणि त्यांत नाशिक परिसरातील शिराझ, झिनफँडेल किंवा कॅबरने सोव्हिन्यॉन या द्राक्षांच्या नेहमीच्या बाटल्याही आल्या, तोडणीनंतरच्या दोन-तीन वर्षांत संपवाव्यात अशाच बेताने केलेल्या असतात. ओकच्या पिंपात मुरवून ‘रिझर्व्ह’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनला आणखी काही वर्षे मिळतात, मात्र तीही साठवण चांगली असेल तरच.

आपल्या बाटलीची खरी अडचण तिच्या वयापेक्षा तिने भुसावळमध्ये काढलेल्या उन्हाळ्यांची आहे. बाटलीत भरल्यानंतरही वाइनमध्ये रासायनिक क्रिया मंद गतीने चालूच असतात आणि तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. साठवणीसाठी 12 ते 15 अंश हे तापमान उत्तम मानतात आणि 18 अंशांपर्यंत फारसे बिघडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा 44 अंशांच्या आसपास असताना बंद बैठकीतही तो 36-37 अंशांच्या खाली उतरत नाही. त्यातच दिवसा तापणे आणि रात्री निवणे हा खेळ बाटलीला आणखी बाधतो. साडेसातशे मिलिलिटर वाइन 20 अंशांवरून 40 अंशांवर गेली की तिचे आकारमान साधारण 5 मिलिलिटरने वाढते. बुचाखाली ठेवलेली मोकळी जागा जेमतेम तेवढीच असते, त्यामुळे आतला दाब वाढून बूच वर सरकते किंवा त्याच्या कडेने वाइन पाझरते. रात्री वाइन आकसली की त्याच वाटेने बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि हा प्रकार संपूर्ण उन्हाळाभर रोज चालतो.

न उघडता पाहण्यासारख्या खुणा आहेत. बाटलीच्या तोंडावरचे वेष्टन बोटांनी दाबून पाहावे. बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेले जाणवले, वेष्टन जागच्या जागी सहज फिरत नसेल किंवा त्याखालून वाळलेल्या पाकासारखा चिकट ओघळ आलेला असेल, तर बाटली तापून पाझरली आहे असे समजावे. त्यानंतर बाटली उभी धरून वाइनची पातळी पाहावी. तीन वर्षांच्या बाटलीत ती मानेतच असायला हवी, खांद्यापर्यंत उतरलेली असेल तर लक्षण ठीक नाही. शेवटी मानेच्या मागे मोबाइलची बॅटरी धरावी. तरुण रेड वाइन जांभळट लाल दिसते, वयानुसार तिला विटकरी छटा येते. पण एवढ्या कमी वयात ती तपकिरी दिसत असेल तर हवेने आपले काम केलेले आहे. झाकण फिरकीचे असेल तर यातील पहिली खूण लागू होत नाही, बाकीच्या दोन होतात.

या सर्व खुणा ठीक असल्या तरी आत सारे काही उत्तम असेल याची खात्री देता येत नाही, कारण उष्णतेने उडालेला सुगंध बाहेरून दिसत नाही. आमचे मत विचाराल तर दिवाळीची वाट पाहू नये. पाहायचीच असेल तर जावयांसमोर उघडण्याआधी स्वयंपाकघरात एक घोट स्वतः चाखून पाहावा आणि हाताशी एक नवी बाटली ठेवावी.

प्रश्न : आमचे घर जुने, धाब्याचे असून भिंती दोन हात जाडीच्या आहेत आणि धान्य साठवण्याचे बळद अजून शाबूत आहे. वाइन ठेवण्यासाठी ती जागा चांगली, की कूलर लावलेली खोली, की फ्रिज? फ्रिजमध्ये ठेवावे तर उन्हाळ्यात वीज वारंवार जाते. (एक वाचक, चोपडा)

उत्तर : वाइनला थंडावा हवा हे खरे, पण त्याच्या जोडीने स्थैर्यही हवे, आणि या बाबतीत आपले धाब्याचे घर सिमेंटच्या गच्चीखालील फ्लॅटपेक्षा कितीतरी सरस आहे. मातीच्या जाड भिंती दिवसाची उष्णता शोषून सावकाश सोडतात, त्यामुळे आतल्या खोलीत दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक पुष्कळ कमी राहतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात आतल्या, बिनखिडकीच्या खोलीच्या जमिनीलगत बाटली आडवी ठेवली तर चिंता करण्याचे कारण नाही. बळद अंधारे आणि स्थिर असते, मात्र त्यात धान्य किंवा कीडनाशकाच्या गोळ्या असतील तर बाटली तिथे ठेवू नये. घरात तळघर असेल, त्यात पावसाचे पाणी झिरपत नसेल आणि रॉकेल, रंग वा खताची पोती ठेवलेली नसतील, तर त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

कूलरची खोली माणसासाठी सुखाची असली तरी वाइनच्या दृष्टीने ती कामाची नाही. कूलर चालू असताना खोलीचे तापमान 28-30 अंशांपर्यंत उतरते आणि बंद होताच पुन्हा चढते. रात्रीपुरत्या चालणाऱ्या एसीचेही तेच आहे. रोज 24 ते 38 अंश अशा फेऱ्या मारणाऱ्या खोलीपेक्षा सतत 27-28 अंशांवर असणारी खोली बरी.

मार्चच्या मध्यापासून पावसाळा स्थिरावेपर्यंत मात्र फ्रिजला पर्याय नाही, असे आम्ही स्पष्टच सांगू. फ्रिज वाइनसाठी नाही असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. त्यामागचे कारण असे की घरगुती फ्रिजचे तापमान 4-5 अंश असते, आतली हवा कोरडी असते आणि त्यामुळे वर्षभर ठेवलेल्या बाटलीचे बूच सुकू शकते. हा सल्ला थंड प्रदेशातील घरांसाठी योग्य आहे. चार महिन्यांसाठी फ्रिजमध्ये राहिलेल्या बाटलीचे होणारे नुकसान आणि तेच चार महिने खान्देशातील कपाटात राहिलेल्या बाटलीचे नुकसान यांची तुलनाच होऊ शकत नाही. दाराच्या कप्प्यात मात्र ठेवू नये, कारण दर उघडझापीला तिथे हादरे बसतात आणि गरम हवा लागते. खालच्या भाजीच्या कप्प्याजवळ, बुचाची असेल तर आडवी आणि फिरकीच्या झाकणाची असेल तर कशीही ठेवावी. बुचाची बाटली आडवी ठेवण्याचे कारण एवढेच की वाइनचा स्पर्श राहून बूच ओलसर व फुगलेले राहते.

वीज तीन-चार तास गेल्याने घाबरण्याचे कारण नाही. बंद फ्रिजचे दार उघडले नाही तर तेवढ्या वेळात बाटलीचे तापमान थोडेच चढते. दिवसभर वीज येणार नसेल तर आपल्याकडच्या कोरड्या हवेचा उपयोग करून घ्यावा. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून, म्हणजे लेबल भिजणार नाही, वरून ओले गोणपाट गुंडाळावे आणि सावलीत वाऱ्याच्या ठिकाणी ठेवून गोणपाट ओले राखावे. मे महिन्याच्या दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की बाष्पीभवनाने गोणपाटाखालचे तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनीही उतरू शकते. जून-जुलैत हवा दमट झाली की हा उपाय निरुपयोगी ठरतो.

याच ओघात एक गोष्ट सांगायला हवी. बाटली घरी येण्यापूर्वीच पुष्कळदा बिघडते. दिंडोरीकडच्या वायनरीतून बाटल्या घेऊन चांदवड, मालेगाव, धुळे असे परतताना जेवणासाठी ढाब्यावर थांबलेल्या मोटारीची डिकी तासाभरात भट्टी होते. बाटल्या बर्फाच्या डब्यात किंवा निदान आसनाखाली सावलीत ठेवाव्यात आणि शक्यतो पहाटे प्रवास करावा. गावातील दुकानातून घेतानाही दर्शनी काचेत उन्हात मांडलेली बाटली घेऊ नये; आतल्या बाजूची मागून घ्यावी.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे केळी पिकवण्याच्या वातानुकूलित खोल्या आहेत. तिथे वर्षभर गारवा असतो. एका कोपऱ्यात बाटल्या ठेवल्या तर चालतील का? (एक वाचक, सावदा)

उत्तर : प्रश्न सावद्याहून यावा असाच आहे. केळी पिकवण्याच्या खोलीत साधारण 16 ते 18 अंश तापमान राखतात, त्यामुळे केवळ तापमान पाहिले तर ती जागा वाइनला मानवेल. परंतु केळीच्या सालीचे वजन आणि तजेला टिकावा म्हणून तिथे हवेतील ओलावा 90 टक्क्यांच्या वर ठेवलेला असतो, तर वाइनसाठी 60 ते 70 टक्के ओलावा पुरेसा असतो. महिन्याभरात लेबले कुजतील आणि बुचावर बुरशी धरेल. शिवाय माल आत-बाहेर होताना खोली वारंवार उघडते आणि दोन खेपांमध्ये यंत्र बंदही ठेवतात. आठ-पंधरा दिवसांची सोय म्हणून ठीक आहे, कायमची जागा म्हणून नाही.

प्रश्न : लग्नाच्या वाढदिवसाला उघडलेल्या बाटलीला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता. दुकानदार म्हणाला, रेड वाइन अशीच असते. आम्ही दोघांनी अर्धा पेला घेतला आणि नंतर भीती वाटली. बिघडलेली वाइन प्यायल्याने विषबाधा होते का? आणि बिघाड नेमका कसा ओळखावा? (एक वाचिका, अमळनेर)

उत्तर : प्रथम भीतीचे निरसन करू. वाइनमध्ये 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते आणि तिची आम्लताही बरीच असते. विषबाधा घडवणारे जंतू अशा द्रवात तग धरत नाहीत. रीतसर कारखान्यात तयार झालेली आणि सीलबंद बाटलीतील वाइन बिघडली तर ती बेचव होते, धोकादायक होत नाही. हे आश्वासन गावठी वा सीलविरहित दारूला लागू नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

आपल्याला आलेला वास वाइनचा नसून बुचाचा होता. बूच ज्या ओक वृक्षाच्या सालीपासून करतात तिच्यावरील काही बुरशा क्लोरीनयुक्त पदार्थांपासून ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचे संयुग तयार करतात. या दोषामागे हेच संयुग आहे हे 1980च्या दशकाच्या प्रारंभी स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ हान्स टॅनर यांनी दाखवून दिले. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतक्या नगण्य प्रमाणातही ते नाकाला जाणवते. ओला पुठ्ठा, पावसात भिजलेले वर्तमानपत्र किंवा बंद पडलेल्या खोलीचा कुबट दर्प, असे त्याचे वर्णन करता येईल. प्रमाण कमी असेल तर कुबट वासही येत नाही, फक्त फळाचा सुगंध मेल्यासारखा वाटतो, आणि अशा वेळी लोक त्या वाइनलाच हलकी ठरवतात. पेल्यात थोडा वेळ ठेवल्यावर हा वास कमी होण्याऐवजी अधिक जाणवू लागतो, ही त्याची ओळख. बाटली कोणाच्याही हयगयीशिवाय अशी निघू शकते आणि त्यावर घरी काही इलाज नाही. चांगला दुकानदार ती बदलून देतो. ‘अशीच असते’ हे उत्तर मान्य करू नये. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा दोष क्वचितच आढळतो.

याहून कितीतरी अधिक वेळा आपल्या भागात भेटतो तो उष्णतेचा आणि हवेचा बिघाड. तापलेल्या वाइनला ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या फळाचा, मुरंब्याचा किंवा मनुकांचा वास येतो आणि चव सपाट, बोथट लागते. हवा लागलेल्या वाइनमध्ये अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर होऊन कापून ठेवलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदाचा वास येतो आणि रंग तपकिरीकडे झुकतो. हवेसोबत अॅसिटोबॅक्टर हे जिवाणूही कामाला लागले तर अल्कोहोलचे अॅसिटिक आम्ल होते, म्हणजे वाइनचे व्हिनेगर होऊ लागते. घशाशी आंबट चटका बसतो आणि पुष्कळदा नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा तीव्र वास नाकात शिरतो. वाइनचे हे बिघाड सूक्ष्मजीवांमुळे होतात आणि त्यांतील काहींना हवा लागते, हे लुई पाश्चर यांनी 1860च्या दशकात सिद्ध केले होते.

काही वास मात्र ऐकायला वाईट, पण सुधारण्यासारखे असतात. बाटली उघडताच विझलेल्या काडेपेटीचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर ती लगेच ओतून देऊ नये. हवेच्या अभावी तयार झालेल्या गंधकाच्या संयुगांचा तो वास असतो. वाइन काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवली की तो बहुधा जातो. गेला नाही तर चिंचेने लख्ख घासून धुतलेला तांब्याचा चमचा पेल्यात मिनिटभर फिरवावा. तांबे गंधकाला धरून ठेवते आणि वास पुष्कळ उतरतो. वाइन आम्ल असल्यामुळे ती तांब्याच्या भांड्यात ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे. घोड्याच्या तबेल्याचा किंवा औषधी पट्टीचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे येतो. तो अगदी पुसट असला तर काही जाणकारांना आवडतोही. आम्हाला आवडत नाही. साध्या रेड वाइनमध्ये जिभेवर बुडबुडे जाणवले तर बाटलीत पुन्हा आंबण्याची क्रिया सुरू झाली आहे असे समजावे आणि ती वाइन बाजूला ठेवावी.

वास घेताना पेला एक तृतीयांशच भरावा, दोन-चार वेळा गोल फिरवून मग नाकाजवळ न्यावा, आणि त्या वेळी शेजारी फोडणी चाललेली नसावी. थंडगार वाइनचा वास दबलेला असतो, म्हणून फ्रिजमधून काढल्यावर तिला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, ही शिफारस 16 ते 18 अंशांच्या युरोपीय घरांना धरून केलेली आहे; अमळनेरच्या एप्रिलमधील खोलीला ती लावली तर चांगल्या वाइनमध्येही अल्कोहोलच नाकात भरेल आणि ती बिघडली असा गैरसमज होईल.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी काळा गाळ आणि बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले. बाटली फेकून द्यावी का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : मुळीच नाही. खडे हे टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे असतात. हे आम्ल द्राक्षातच असते आणि थंडाव्यात त्याचे स्फटिक बनतात; फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीत ते हमखास दिसतात. चिमटीत धरून चोळले तर ते साखरेसारखे चुरतात, काच चुरत नाही. गाळ हा टॅनिन आणि रंगद्रव्यांचा साका असतो. बाटली एक दिवस उभी ठेवून हलक्या हाताने ओतावी आणि शेवटचे दोन घोट तळाशी राहू द्यावेत.

प्रश्न : आम्ही दोघेच आहोत. एक बाटली एका वेळी संपत नाही. उरलेली किती दिवस टिकते? (एक वाचिका, शहादा)

उत्तर : बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन ते पाच दिवस, बाहेर ठेवली तर हिवाळ्यात एखादा दिवस आणि उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळपर्यंतही नाही. नाश करणारी हवा बाटलीच्या रिकाम्या भागात असते, त्यामुळे अर्धी उरलेली बाटली पाऊण भरलेल्या बाटलीपेक्षा लवकर उतरते. सर्वांत सोपा उपाय असा की उघडताक्षणीच, पेले भरण्याआधी, अर्धी वाइन स्वच्छ धुऊन कोरड्या केलेल्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावी आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी. अशी वाइन आठवडाभर सहज टिकते. ती लहान बाटली आधी लोणच्याची किंवा तेलाची असू नये. कितीही धुतली तरी वास राहतोच. हवा काढून घेणारे हातपंप बाजारात मिळतात, पण थोडा सुगंधही हवेसोबत जातो. बाटलीच्या तोंडात स्टीलचा चमचा अडकवून ठेवण्याने काहीही साधत नाही.

प्रश्न : वाइन बिघडली तर ती स्वयंपाकात वापरावी, किंवा तिचे व्हिनेगर करावे, असे ऐकले आहे. ते योग्य आहे का? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : बिघाड कोणता आहे त्यावर ते अवलंबून आहे. फ्रिजमध्ये आठ दिवस राहून नुसती उतरलेली वाइन मटणाच्या रश्श्यात किंवा टोमॅटोच्या सॉसमध्ये पेलाभर घालायला हरकत नाही, कारण तिथे तिच्या सुगंधापेक्षा आम्लतेचे काम असते. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र शिजवूनही खात्रीने जात नाही आणि संपूर्ण भांडे वाया जाते. व्हिनेगरकडे झुकलेल्या वाइनचे बाटलीतल्या बाटलीत चांगले व्हिनेगर होत नाही. त्यासाठी रुंद तोंडाचे भांडे, मुबलक हवा, जिवंत जिवाणूंचे विरजण आणि दोन-तीन महिने लागतात, आणि मूळ वाइनमध्ये सल्फाइट हे परिरक्षक भरपूर असेल तर जिवाणू वाढतच नाहीत. शिवाय उष्णतेने खराब झालेल्या वाइनचे व्हिनेगरही तशाच शिळ्या चवीचे होते. नेलपॉलिशचा वास येणारी वाइन कशातही न वापरता मोरीत ओतावी आणि बाटली गरम पाण्याने दोनदा खळखळून धुऊन घ्यावी.